महाविद्यालयाने दिलेली पत्रपेटी

बारावीचा निकाल लागून कॉलेजात प्रवेश मिळाला, की घरोघरी एकच धांदल उडते. दाखले, झेरॉक्स, एसटीचा पास, वसतिगृहाची खोली! या गडबडीत महाविद्यालयाकडून एक चिठ्ठी हाती पडते. तीवर मुलाच्या नावाचा ई-मेल पत्ता आणि तात्पुरता पासवर्ड, म्हणजे परवलीचा शब्द, असतो. पुष्कळ घरांत ही चिठ्ठी फीच्या पावतीत घडी होऊन पडते ती पडतेच. आज तिच्याविषयीच चार शब्द सांगायचे आहेत. कारण परीक्षेचा अर्ज, शिष्यवृत्तीच्या कागदांतली त्रुटी, वसतिगृहाची यादी यांच्या सूचना आता पुष्कळ ठिकाणी याच पेटीत येतात. पेटी उघडली नाही म्हणून मुदत काही कोणासाठी थांबत नाही.

आता हा पत्ता म्हणजे काय? पाकिटावर आपण आधी नाव लिहितो, मग गाव. इथेही तसेच. आधी विद्यार्थ्याचे नाव किंवा क्रमांक, मध्ये वेटोळ्यातल्या इंग्रजी ‘ए’सारखा दिसणारा ‘ॲट’, आणि पुढे संस्थेचे नाव. हे चिन्ह रे टॉमलिन्सन या अमेरिकन अभियंत्याने १९७१ साली या कामी योजले, ते आजतागायत चालू आहे. आपल्याकडील पुष्कळ शिक्षणसंस्थांच्या पत्त्याचा शेवट ‘एसी डॉट इन’ असा असतो. हा शेवट कोणाही दुकानदाराला मिळत नाही. तो अर्नेट इंडिया या संस्थेमार्फत शिक्षणसंस्थांनाच दिला जातो. म्हणून हा पत्ता म्हणजे विद्यार्थ्याचे एक ओळखपत्रच समजा.

चिठ्ठी मिळाली, की त्याच दिवशी खाते उघडावे आणि तात्पुरता पासवर्ड बदलून टाकावा. जन्मतारीख, मोबाईल नंबर, गावाचे नाव हे नको. ते साऱ्या आळीला ठाऊक असते. एकमेकांशी संबंध नसलेले चार शब्द जोडावेत : विहीर, पोपट, मंगळवार, खराटा. अर्थात हेच नव्हेत, आपले आपण शोधावेत. हा शब्द लांब असतो, म्हणून दुसऱ्याला ओळखता येत नाही, आणि आपल्या मात्र ध्यानात राहतो.

पुढे खाते मोबाईल नंबर मागते. इथे जरा थांबा. घरात फोन एकच, आणि तो घेऊन थोरला भाऊ कामाला पुण्याला गेलेला, असे असेल तर खाते उघडण्याचा अंक त्याच्या खिशात वाजेल, आणि आपण इकडे ताटकळत बसू. नंबर असा द्यावा, की तो फोन रोज हाताशी असेल. महाविद्यालयाची पेटी गूगलकडची असेल आणि दुपदरी कुलूप लावले असेल, तर अडीअडचणीसाठी दहा राखीव अंक मिळतात. एकेक अंक एकदाच चालतो. ते कागदावर उतरवून दाखल्यांच्या फाइलीत ठेवावेत.

कॉलेजच्या संगणकावर किंवा सायबर कॅफेत पेटी उघडली, तर काम झाल्यावर ‘साइन आउट’ करायला विसरू नका. नुसती खिडकी बंद करणे म्हणजे दार लोटून घेणे. कडी लागत नाही. अर्ज भरून देणाऱ्यालाही पासवर्ड सांगू नये. शेजारी बसून आपणच टंकावा.

मग रोजची निगा. सकाळी एकदा पेटी पाहावी. आठवड्यातून एकदा ‘स्पॅम’ हा कप्पाही पाहावा. कधी कधी कामाचे पत्र चुकून तिथे जाते, आणि जीमेलवर तीस दिवसांनी ते आपोआप पुसले जाते. पत्र लिहिताना विषयाची ओळ कोरी सोडू नये. खाली नाव, वर्ग, हजेरी क्रमांक लिहावा. इंग्रजी अडत असेल तर मराठीत लिहावे. देवनागरी अक्षरे या पेटीत सुखरूप पोचतात, आणि मोडक्या इंग्रजीपेक्षा स्वच्छ मराठी गुरुजींना लवकर कळते.

एक धोकाही सांगतो. ‘तुमची शिष्यवृत्ती मंजूर झाली, एवढे पैसे भरा, ओटीपी कळवा,’ असे पत्र आले, तर ते कोणाच्याही नावाने असो, उत्तर देऊ नका. कॉलेजच्या कचेरीत जाऊन विचारा. पैसे गेलेच, तर वेळ न दवडता १९३० या क्रमांकावर फोन करा.

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, घरात पहिल्यांदाच कॉलेज पाहणाऱ्या मुलाला हे सांगणारे दुसरे कोणी नसते. बारावीच्या वर्गात एक तास यासाठी द्या. प्रत्येकाला एक पत्र लिहायला लावा. कॉलेजातल्या प्राध्यापकांनी पहिल्या आठवड्यात एक पत्र धाडावे, आणि कोणाचे उत्तर आले नाही ते पाहावे. ज्याचे आले नाही, त्याला जवळ बोलावून विचारावे. तो आळशी असेलच असे नाही. बहुधा त्याची पेटी उघडलेलीच नसते.

शेवटी एवढे ध्यानात ठेवा, की ही पेटी संस्थेच्या मालकीची आहे. शिक्षण संपले, की ती बंद होऊ शकते. म्हणून शेवटच्या वर्षीच आपले कागद आपल्या खासगी खात्यात उतरवून घ्यावेत, आणि नोकरीच्या अर्जावर खासगी पत्ता द्यावा. नाहीतर मुलाखतीचे बोलावणे बंद दारावर येऊन परत जायचे!