एका प्रश्नाचे खरे उत्तर
(वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



आम्ही एक निवृत्त प्राथमिक शिक्षक; शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. विद्वत्तेचा आव आणण्याचा आमचा हेतू नाही. परंतु आज आपल्या अनेक कुटुंबांतील मुले परदेशी स्थायिक झालेली आहेत. म्हणून आमच्याच घरी घडलेली एक हकीकत आपल्यापुढे ठेवतो.

आमच्या पुतण्याने २०१३ साली मुंबईत अमेरिकेच्या व्हिसासाठी अर्ज केला होता. त्या देशाच्या कायद्यातील कलम २१४ (बी) अन्वये, आपण परत येऊ अशी खात्री पटविण्याचा भार अर्जदारावरच असतो. वय कोवळे, नोकरी नाही, नावावर घरदार नाही. खात्री पटली नाही व व्हिसा नाकारला गेला. पुढे तो इंग्लंडात शिकला, नोकरीस लागला व यथावकाश ब्रिटिश नागरिक झाला. आपला कायदा दुहेरी नागरिकत्व मानीत नसल्यामुळे भारतीय पारपत्र त्याने परत केले.

२०२४ साली न्यू जर्सीस असलेल्या त्याच्या धाकट्या बहिणीस कन्यारत्न झाले. भाचीच्या बारशास जाण्याची त्यास ओढ लागली. ब्रिटिश पारपत्रधारकांस ९० दिवसांपर्यंत व्हिसावाचून अमेरिकेत जाता येते. भारतीय पारपत्रधारकांस ही सवलत नाही. मात्र १२ जानेवारी २००९ पासून त्याकरिता ‘एस्टा’ नामक अनुज्ञा आधी घेणे सक्तीचे आहे. त्या अर्जात एक प्रश्न असतो: सध्याच्या अथवा पूर्वीच्या पारपत्रावर मागितलेला अमेरिकेचा व्हिसा आपणांस कधी नाकारला गेला आहे काय?

मित्रांनी सल्ला दिला, “पारपत्र नवे, राष्ट्र नवे, ‘नाही’ लिहून टाक.” त्याने आम्हांस दूरध्वनी केला, “काका, काय करू?”

खरे सांगावयाचे तर क्षणभर आमचेही मन डळमळले. मग शाळेचे जनरल रजिस्टर आठवले. पालकांस मुलाची जन्मतारीख ठाऊक नसली की ‘१ जून’ लिहिणारे हात आम्हां गुरुजींचेच! ती सोयीची तारीख त्या मुलांस नोकरीत, पारपत्रात, सर्वत्र चिकटली. दप्तरात एकदा पडलेला शब्द माणसाच्या पाठोपाठ चालतो, हे आमच्याइतके कोणास ठाऊक असणार?

आम्ही म्हणालो, “बाळ, ‘होय’ लिही. केव्हा व कोठे, तेही लिही.” नकार मिळणे हा गुन्हा नव्हे. परंतु प्रवेशासाठी महत्त्वाची गोष्ट बुद्ध्या खोटी सांगितल्याचे ठरले, तर तो कायदा मनुष्यास कायमचा अपात्र ठरवितो. खास सूट मिळाली तरच दार उघडते.

एस्टा नाकारला गेला. वहिनी आठवडाभर आमच्याशी धड बोलल्या नाहीत, आणि आम्हांसही अपराधी वाटले. परंतु एस्टाचा नकार हा अखेरचा निकाल नव्हे. रीतसर व्हिसा मागण्याची वाट खुली असते. पुतण्याने लंडन येथे मुलाखत दिली, नोकरीचे व घराचे कागद नेले, जुना नकार स्वमुखाने सांगितला. व्हिसा मिळाला. बारसे हुकले; पण पहिल्या वाढदिवसास मामा हजर होता.

म्हणून पालकांस आमची विनंती आहे की, मुलांची जुनी पारपत्रे व नकाराची पत्रे, निदान त्यांच्या प्रती तरी, जपून ठेवाव्यात. तिकीट काढण्यापूर्वी अनुज्ञेचा अर्ज करावा. अनुज्ञा मिळाली तरी प्रवेश देणे न देणे हे विमानतळावरील अधिकाऱ्याच्या हाती असते, हे ध्यानी असावे. आणि मुलांनी सल्ला विचारला, तर सोयीचे न सांगता खरे तेच सांगावे. उशीर भरून निघतो. असत्याची नोंद पुसली जात नाही.