गर्भवती कष्टकरी स्त्री : तिची काळजी आणि तिचा हक्क



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांना वंदन करून मी विषयाला हात घालते. हा विषय मी सुचवला तेव्हा संयोजकांपैकी एकाने मला अगदी सौम्यपणे विचारले, "बाई, बाळंतपणाचा विषय महिला मंडळात अधिक शोभणार नाही का?" मी त्यांना म्हटले, नाही. ज्यांच्या टेबलावर हजेरीपट असतो, पगारपत्रकावर ज्यांची सही लागते, त्यांच्या कानांवर तो जायला हवा, आणि ही मंडळी महिला मंडळात सहसा येत नाहीत. शाळेच्या सभागृहात मात्र येतात. आज आली आहेत, याचा मला आनंद आहे.

प्रसूतिलाभाचा मध्यवर्ती कायदा १२ डिसेंबर १९६१ रोजी संमत झाला. त्यानंतर अवघ्या सात दिवसांनी, १९ डिसेंबरला, गोवा मुक्त झाला. म्हणजे आपले स्वातंत्र्य आणि भारतीय कष्टकरी मातेचा हा हक्क एकाच आठवड्याच्या अंतराने जन्माला आले. मुक्तिदिन आपण दरवर्षी साजरा करतो. दुसऱ्या जन्माची नोंद फारशी कोणी घेतलेली दिसत नाही.

अर्थात या हक्काचे मूळ त्याहून जुने, आणि ते मराठी मुलखातच आहे. १९१९ साली वॉशिंग्टन येथे भरलेल्या पहिल्या आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेने प्रसूतीपूर्वी आणि प्रसूतीनंतर रजा मिळावी असा करार केला. तेथील खर्च सार्वजनिक निधीतून किंवा विम्यातून भागवावा असे तत्त्व होते. पुढे १९२८ साली मुंबई कायदे कौन्सिलात प्रसूतिलाभाचे विधेयक चर्चेला आले आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्याच्या बाजूने बोलले. त्यांच्या प्रतिपादनाचा आशय असा की, मातेला प्रसूतीच्या आधी व नंतर विसावा मिळणे हे राष्ट्राच्याच हिताचे आहे, म्हणून त्याचा मोठा भार सरकारने उचलावा. पण मालक स्त्रियांना कामावर घेतो ते त्यात त्याचा फायदा असतो म्हणून, तेव्हा त्यानेही काही वाटा उचलला पाहिजे. १९२९ साली मुंबई इलाख्यात कायदा झाला. त्या काळी आमच्या तालुक्यावर पोर्तुगिजांचा अंमल होता. पुढे खाणी सुरू झाल्या. यंत्रे येण्यापूर्वी याच परिसरातील बायकांनी डोक्यावरच्या पाट्यांतून खनिज वाहिले. दिवस भरत आलेली बाई पाटी उतरवून घरी गेली, की तिच्या जागी दुसरी उभी राहत असे. ती कधी परत आली, आली की नाही, याचा हिशेब कोणाच्या वहीत नाही.

आता कायदा काय सांगतो ते थोडक्यात सांगते. १९६१ च्या कायद्यात पूर्वी १६० दिवस काम केल्याची अट होती. १९८८ च्या दुरुस्तीने ती ८० दिवसांवर आली आणि दहा किंवा अधिक माणसे कामाला असलेल्या दुकानांनाही कायदा लागू झाला. २०१७ च्या दुरुस्तीने बारा आठवड्यांची भरपगारी रजा सव्वीस आठवड्यांची झाली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता अमलात आल्या आणि हा कायदा त्यांपैकी सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला गेला. नाव बदलले, गाभा तोच राहिला. अपेक्षित प्रसूतीच्या तारखेआधीच्या बारा महिन्यांत ८० दिवस काम झालेले असले की पुरे. खाणी बंद पडल्या तेव्हा आपल्याकडे अनेकांनी विचारले होते, सक्तीने घरी बसवलेले दिवस धरायचे का? रीतसर कामबंदीचे, म्हणजे ले-ऑफचे, दिवस धरायचे असतात. सव्वीसपैकी जास्तीत जास्त आठ आठवडे प्रसूतीपूर्वी घेता येतात. आधीची दोन मुले हयात असतील तर रजा बारा आठवड्यांची. गर्भपात झाला तर सहा आठवडे. गरोदरपणामुळे आजार उद्भवला तर त्यावर आणखी एक महिना.

प्रसूतीनंतरचे सहा आठवडे तर तिने स्वतः म्हटले तरी तिला कामावर घेता येत नाही. त्याआधीही, तिने मागणी केल्यास, ठरावीक काळात तिला जड काम किंवा तासन्‌तास उभे राहण्याचे काम देता येत नाही, आणि हलके काम दिले म्हणून पगारही कापता येत नाही. रजेवर असताना तिला काढून टाकणे बेकायदेशीर आहे. ही शेवटची गोष्ट आमच्याकडे फार कमी लोकांना ठाऊक आहे, असे माझा अनुभव सांगतो.

पण या सगळ्या तरतुदी वाचताना मला एक उणीव नेहमी खुपते, आणि वैद्यकीय पेशात वर्षे काढलेली बाई म्हणून ती मला येथे मांडलीच पाहिजे. कायदा आठवड्यांचा हिशेब करतो. गर्भाची काळजी मात्र अर्ध्या-अर्ध्या दिवसांनी घ्यावी लागते. पहिली नोंदणी बारा आठवड्यांच्या आत व्हावी, त्यानंतर निदान तीन तपासण्या तरी व्हाव्यात. जागतिक आरोग्य संघटनेने तर २०१६ पासून एकूण आठ भेटींची शिफारस केली आहे. प्रत्येक भेटीत रक्तदाब, वजन, लघवीची तपासणी, वेळोवेळी रक्तातील हिमोग्लोबिन आणि साखर. यांतील बहुतेक भेटी रजा सुरू होण्याच्या आधी पडतात. त्यांसाठी वेगळी भरपगारी सुट्टी कायद्यात कोठेही नाही. काजूच्या कारखान्यात फोडणीला बसणारी, किनाऱ्यावरच्या हॉटेलात खोल्या झाडणारी, औद्योगिक वसाहतीत पॅकिंगला उभी राहणारी मुलगी तिसऱ्या महिन्यात डिचोलीच्या किंवा तुयेच्या आरोग्य केंद्रात आली, तर तिचा त्या दिवसाचा रोज बुडतो. मग ती पाचव्या महिन्यात येते. कधी सातव्या.

उशिरा आल्याने काय होते? पंडुरोगाचेच उदाहरण घ्या. गरोदरपणात हिमोग्लोबिन अकराच्या खाली गेले की आम्ही त्याला पंडुरोग म्हणतो. तो तिसऱ्या महिन्यात सापडला तर लोहाच्या गोळ्या, तांबडी भाजी, कुळीथ, नाचणी, मासळी यांनी तो भरून काढायला हातात सहा महिने असतात. आठव्या महिन्यात सापडला तर हाताशी उरते ती शिरेतून द्यायची औषधे आणि रक्ताची बाटली. प्रसूतीच्या वेळी जो रक्तस्राव सुदृढ बाई सहज पचवते, तोच अशक्त बाईच्या जिवावर बेततो. आणि गोळ्यांवर लगेच चहा पिऊ नका, एवढे सांगायलाही कोणी तरी वेळेवर भेटावे लागते! चहामुळे लोह अंगी लागत नाही. रक्तदाबाचे तसेच. डोके ठणकणे, डोळ्यांपुढे अंधारी, चेहरा आणि हात सुजणे, ही लक्षणे 'पाळीत फार उभी राहिले म्हणून असेल' असे म्हणून झोपण्याची नव्हेत. अंगावरून रक्त वा पाणी जाणे, बाळाची हालचाल मंदावणे, यांतील काहीही झाले की पाळी अर्ध्यावर सोडून रुग्णालय गाठायचे.

याच गोव्यातील शिरोड्याचे डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर यांचे नाव मी मुद्दाम घेते. सैल झालेल्या गर्भाशयमुखाला टाका घालून गर्भ टिकवण्याची त्यांची शस्त्रक्रिया १९५५ साली प्रसिद्ध झाली आणि जगभरच्या प्रसूतिगृहांत ती त्यांच्याच नावाने ओळखली जाऊ लागली. पण तो टाका कोणाला घालायचा, हे कळण्यासाठी बाई आधी तपासणीला यावी लागते. शिरोडकरांच्या मुलखात ती अर्ध्या दिवसाच्या रोजापायी येत नसेल, तर दोष विज्ञानाचा नाही.

म्हणून येथे बसलेल्या उद्योजक माजी विद्यार्थ्यांना माझी पहिली विनंती अशी की, कायद्यात नसलेला हा अर्धा दिवस तुम्ही आपण होऊन द्या. प्रत्येक महिन्याच्या ९ तारखेला सरकारी केंद्रांत चौथ्या महिन्यापुढील गर्भवतींची डॉक्टरांकडून मोफत तपासणी करण्याची केंद्र शासनाची योजना २०१६ पासून आहे. त्या दिवशी तिला सुट्टी दिल्याने कोणाचाही धंदा बुडालेला माझ्या ऐकिवात नाही.

आता एका अवघड प्रश्नाकडे येते. सव्वीस आठवड्यांचा पगार आपल्याकडे पुष्कळ ठिकाणी एकट्या मालकाच्या खिशातून जातो. राज्य कर्मचारी विमा असेल तेथे तो विमा देतो, इतरत्र मालक. परिणामी लहान मालक मनातल्या मनात हिशेब करतो आणि नव्याने लग्न झालेली मुलगी मुलाखतीतच गळते. उघड कोणी बोलत नाही. फक्त "घरी कोण कोण असतं?" असे विचारतात. आयुर्विमा महामंडळाच्या अर्जात एके काळी स्त्री उमेदवारांना मासिक पाळीची तारीख, गर्भारपणाची माहिती असले रकाने भरावे लागत. त्यातून एका तरुणीची नोकरी गेली. १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने तिला कामावर परत घ्यायला लावले आणि ते रकाने काढून टाकायला सांगितले. त्याआधी दहा वर्षे, १९८१ मध्ये, पहिल्या गरोदरपणातच हवाईसुंदरीची नोकरी संपवणारा एअर इंडियाचा नियम त्याच न्यायालयाने रद्द केला होता. अर्जातले रकाने गेले. मुलाखतीतला प्रश्न अजून आहे. माझे स्पष्ट मत असे की, १९१९ चे ते तत्त्व आणि १९२८ चे बाबासाहेबांचे म्हणणे आपण अर्धेच स्वीकारले. मालकाचा वाटा कायद्यात आला, सरकारचा मोठा वाटा बाहेर राहिला. तो आल्याखेरीज मुलाखतीतली ही चाळणी बंद होणार नाही.

आणि कायद्याच्या कुंपणाबाहेरच्या बायकांचे काय? दहापेक्षा कमी माणसांचे दुकान, घरकाम, शेतमजुरी, मासळी विकणे, हे सारे कुंपणाबाहेर. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने प्रत्येक गर्भवतीला निदान सहा हजार रुपयांचा हक्क दिला. २०१७ मध्ये आलेल्या मातृवंदना योजनेने पहिल्या अपत्यासाठी पाच हजार ठेवले, तेही हप्त्यांनी. दुसऱ्यासाठी पुढे सोय झाली ती मुलगी झाली तरच. महाराष्ट्रात बीडच्या ऊसतोड कामगार स्त्रियांची कहाणी २०१९ मध्ये सर्वांपुढे आली. एक दिवस 'खाडा' झाला तर मुकादम दंड कापतो, म्हणून गर्भाशयच काढून टाकलेल्या बायका तेथे हजारोंनी आढळल्या. ते वाचून आपल्याकडे हळहळ व्यक्त झाली. पण खाडा हा शब्द आपल्याही कारखान्यांत वापरात आहे, हे विसरू नये.

कुंपणाच्या काठावर उभ्या असलेल्यांविषयी मात्र शंका ठेवण्याचे कारण नाही. रोजंदारीवरील स्त्रियांनाही हा लाभ मिळतो, असा निर्णय दिल्ली महानगरपालिकेच्या खटल्यात २००० साली झाला. कराराची मुदत रजेच्या मध्यावर संपली तरी पूर्ण काळाचा लाभ द्यावा लागतो, हे २०२३ मध्ये ठरले. प्रसूतिरजा हा स्त्रीच्या प्रजननविषयक हक्काचा भाग आहे, असे २०२५ मध्ये न्यायालयाने म्हटले. आता शिक्षणक्षेत्रातील मंडळी समोर आहेत म्हणून विचारते. तासिका तत्त्वावर शिकवणारी शिक्षिका गरोदर राहिली की तिला पुढल्या वर्षीचे पत्र पाठवायचेच नाही, ही रीत किती संस्थांत आहे? मी कोणाचेही नाव घेत नाही. अशी एक तरुण शिक्षिका माझ्याकडे तपासणीला येत असे. सैल साडी, खांद्यावरून पुढे ओढलेला पदर. सातव्या महिन्यापर्यंत तिने शाळेत कळू दिले नाही. जिन्यावरून पुस्तकांचे गठ्ठे ती नेहमीसारखेच नेत होती, कारण हलके काम मागायचे म्हणजे कारण सांगावे लागणार. तिचा रक्तदाब वाढलेला होता. सुदैवाने दोघेही सुखरूप सुटली. जून महिन्यात तिला पत्र आले नाही.

जाता जाता आपल्या रीतीविषयी बोलते. पहिले बाळंतपण माहेरी, ही पद्धत चांगली. आईच्या हातचे चार घास आणि झोप, दोन्ही मिळतात. पण नोंदणी सासरच्या गावी, तपासण्या अर्ध्या येथे, आणि आठव्या महिन्यात मुलगी निघते दोडामार्गला किंवा सावंतवाडीला. ओटी भरली जाते, डोहाळजेवण होते आणि माता-बाल संरक्षण कार्ड कपाटात राहते. अडचण आली की तेथून तिला बांबोळीला आणतात आणि तेथला डॉक्टर विचारतो, रक्तगट कोणता, दाब आधी किती होता? बरोबर आलेल्या कोणालाच ठाऊक नसते. सासूबाईंनो, ओटीतल्या नारळाच्या आधी ते कार्ड पिशवीत घाला.

मालकाला द्यायच्या अर्जाचेही तसेच. तोंडी सांगू नका. लेखी द्या, सोबत डॉक्टरांचा दाखला जोडा, दुसऱ्या प्रतीवर तारीख घालून पोच घ्या. प्रसूतीपूर्वीच्या काळाची रक्कम दाखला दिल्यावर आगाऊ मिळायची असते, नंतरची रक्कम प्रसूतीचा पुरावा दिल्यापासून अठ्ठेचाळीस तासांत. नाकारले गेले तर कामगार खात्याच्या निरीक्षकाकडे तीच पोच दाखवावी लागते. ती नसेल तर निरीक्षकही हतबल होतो.

बाहेर व्हरांड्यात आरोग्य केंद्राच्या परिचारिका बसल्या आहेत. हिमोग्लोबिन तपासण्याची सोय आहे, बोटाच्या एका टोचणीत होते. अर्जाच्या नमुन्याच्या प्रतीही तेथेच ठेवल्या आहेत. ज्यांच्याकडे दहा माणसे कामाला आहेत, त्यांनीही एकेक न्यावी.  प्रश्न असतील ते आता विचारावेत.