नागपूरचे सांडपाणी आणि आपले ओलित



नागपूरच्या गटाराचा आणि मोताळ्याच्या कपाशीचा संबंध काय, असे कोणी विचारले तर तुम्ही हसाल. पण संबंध आहे. तो पाणी येऊन पडण्याआधी समजून घेतलेला बरा.

नागपूर शहर पेंचचे आणि कन्हानचे पाणी पिते. शहर वाढले तसा पेंचमधला त्याचा वाटा वाढला, आणि कालव्याच्या टोकाचा शेतकरी वाट पाहत राहिला. मग शहराला एक शहाणपणाची गोष्ट सुचली. 2008 साली महापालिकेने महानिर्मिती कंपनीशी करार केला. त्यातून भांडेवाडीला रोज 13 कोटी लिटर सांडपाणी शुद्ध करणारे केंद्र उभे राहिले. ते पाणी कोराडीच्या वीज केंद्राला जाते. बदल्यात महापालिकेला वर्षाला 15 कोटी रुपये द्यायचे ठरले. बघा, शहराच्या मैल्यालासुद्धा करार करून भाव मिळतो! आपल्या कापसाला मात्र दरवर्षी भांडावे लागते.

आमचा या योजनेला विरोध नाही. नामिबियातले विंडहोक शहर तर 1968 पासून सांडपाणी शुद्ध करून पिण्याच्या पाण्यात मिसळते. वापरलेले पाणी शहरांनी पुन्हा वापरलेच पाहिजे. आमचा प्रश्न वेगळा आहे. कोराडीला सांडपाणी गेले म्हणजे तितके धरणाचे ताजे पाणी वाचले. ते कोणाचे?

आम्ही शेतकी शिकलेली माणसे, लिटर दिसले की एकर मोजायची खोड जात नाही. बोंडे भरताना कपाशीला पाच सेंटीमीटरचे एक पाणी द्यायचे तर एकराला दोन लाख लिटर लागते. म्हणजे 13 कोटी लिटरमध्ये साडेसहाशे एकरांचे एक ओलित होते. हे फक्त एका दिवसाचे. पाटात मुरणारे पाणी वजा केले तरी वर्षाचा हिशेब मोठा निघतो. वाचलेले पाणी आपोआप कालव्यात येत नाही. कागदावर लिहून घेतले नाही तर ते पुन्हा शहराच्याच नळाला लागते.

पुण्यात उलटा व्यवहार झाला. मुंढव्याहून प्रक्रिया केलेले सांडपाणी कालव्यात सोडायचे आणि धरणाचे पाणी शहराने घ्यायचे. हवेली-दौंडकडच्या शेतकऱ्यांची तक्रार पाण्याच्या प्रतीबद्दल आहे.

आता आपल्याकडे या. 2024 साली राज्य मंत्रिमंडळाने वैनगंगा-नळगंगा जोडप्रकल्प मंजूर केला. गोसीखुर्दचे पाणी चारशेवर किलोमीटर चालून आपल्या नळगंगेपर्यंत यायचे आहे. आणि गोसीखुर्दला काय येते? नागपूरची नाग नदी शहराची घाण घेऊन कन्हानला मिळते आणि कन्हान वैनगंगेला. नागपूर आपले सांडपाणी किती शुद्ध करते, हा उद्या आपल्या वावराचा प्रश्न होणार आहे.

वास गेला म्हणजे पाणी शेतीला चांगले झाले, असे समजू नका. साध्या प्रक्रियेने घाण निघते, विरघळलेले क्षार निघत नाहीत. काळ्या जमिनीत सोडियम साठला की ती फुगते, निचरा बंद होतो, वाळली की दगड होते. हे शेगाव-संग्रामपूरच्या माणसाला आम्ही काय सांगावे? त्याने खारपाणपट्ट्यात जन्म काढला आहे. तिथे ते भूगर्भाने दिले. घाटाखाली आणखी एक खारपाणपट्टा कालव्याने आणून द्यायचा का?

म्हणून दोन मागण्या ठरावात घेत आहोत. शहराने सांडपाणी वापरल्याने धरणात जे पाणी वाचेल, ते ओलितासाठी राखून पाणीवाटपात दलघमीसह नोंदवावे. आणि गोसीखुर्दच्या पाण्याची क्षार व सोडियमची तपासणी दर हंगामात जाहीर करावी.

आपल्या हातातलेही एक काम आहे. येत्या उन्हाळ्यात नळगंगेच्या लाभक्षेत्रातल्या प्रत्येक गावाने निदान एका विहिरीचे पाणी आणि एका वावराची माती तपासून घ्यावी. बाटली त्याच विहिरीच्या पाण्याने तीनदा खंगाळा, काठोकाठ भरा, गाव आणि तारीख लिहा. अहवालाची एक प्रत तालुक्याच्या कार्यकर्त्याकडे द्या. कालवा आल्यावर जमीन बिघडली तर, आधी ती कशी होती याचा कागद आपल्याजवळ असेल.