विषय दाराबाहेरच आहे

(रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



मी फोटोग्राफर माणूस. लग्नं, मुंजी, बारशी यांतच आयुष्य गेलं. आम्ही समोरच्याला ‘जरा हसा’ एवढंच म्हणतो, त्यामुळे भाषणाची सवय नाही. पण आज बोलायला एक कारण आहे.

गेल्या महिन्यात आपल्या सोसायटीतली तीन मुलं माझ्याकडे आली. तिघंही फोटोग्राफी शिकतायत. प्रश्न एकच : “काका, कोर्सचं प्रोजेक्ट द्यायचंय, विषय काय घेऊ?” एकाला लडाखला जायचं होतं, एकीला वाराणसीचे घाट हवे होते. जायला पैसे नाहीत, म्हणून काम अडलेलं.

त्याच आठवड्यात स्मरणिकेसाठी कमिटीने माझ्याकडे जुने फोटो मागितले. मी खोकी उघडली. गणपती, होळी, हळदीकुंकू, सगळं निघालं. पण आपले पहिले खजिनदार, ज्यांनी पाण्याच्या कनेक्शनसाठी चपला झिजवल्या, त्यांचा एक धड फोटो मिळेना. एकात चहाचा ट्रे धरलेला हात दिसतो, दुसऱ्यात नुसती पाठ. कारण कार्यक्रम असला की ते कायम कामात. आज ते नाहीत. स्मरणिकेत त्यांचा पासपोर्ट साइजचा फोटो छापावा लागलाय. पंचवीस वर्षं मी त्यांच्याच जिन्यावर राहिलो, कॅमेरा माझ्याच खांद्याला होता, आणि मला ते दिसले नाहीत. ही चूक माझी.

म्हणून पोरांनो, सांगतो. विषय शोधायला आधी दार उघडा, तिकीट नंतर काढा.

प्राग शहरात योसेफ सुदेक नावाचा छायाचित्रकार होता. पहिल्या महायुद्धात त्याचा उजवा हात गेला. दुसऱ्या महायुद्धात शहर जर्मनांच्या ताब्यात होतं. १९४० पासून १९५४ पर्यंत तो आपल्या स्टुडिओच्या खिडकीचेच फोटो काढत राहिला. काचेवरचं धुकं, पाण्याचे थेंब, अंगणातलं वाकडं झाड. एक खिडकी, चौदा वर्षं!

दुसरा अमेरिकेतला निकोलस निक्सन. त्याने १९७५ पासून आपली बायको आणि तिच्या तीन बहिणी यांचा दरवर्षी एकत्र फोटो काढला. चौघी नेहमी त्याच क्रमाने उभ्या. एकटा फोटो पाहिला तर साधा वाटेल. पंचवीस ओळीने पाहिले की वय, माया, काळजी, सगळं चेहऱ्यांवर दिसायला लागतं.

आता थोडं कामाचं. विषय लहान घ्या. ‘शहरी जीवन’ नको. ‘आमच्या वॉचमनकाकांची रात्र’ घ्या. एकाच जागी सकाळी, भर दुपारी आणि दिवेलागणीला जाऊन उभे राहा. उजेड काय करतो ते पुस्तकापेक्षा तिथे कळेल. आपल्या जिन्यात ट्यूबलाइट आहेत. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून जुन्या चोकवाल्या ट्यूबचा उजेड सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतो. शटर फार वेगाचं ठेवलंत तर फोटोत पट्टे येतात. १/५० किंवा १/१०० वर ठेवून बघा.

दोनशे फोटो काढलेत तरी दाखवायचे बारा. त्यासाठी छोट्या प्रिंट काढून जमिनीवर पसरा आणि एकेक उचलत जा. आवडता फोटो काढून टाकताना जीव तुटतो, पण गोष्टीत बसत नसेल तर तो बाजूला ठेवायचाच. सरांनी चुका काढल्या तर वाद घालू नका, दोन दिवस थांबून पुन्हा बघा. माणसाचा फोटो काढण्याआधी त्याला विचारा; नाही म्हणाला तर कॅमेरा खाली. फायली दोन ठिकाणी ठेवा. आणि प्रत्येक फोटोमागे लिहा : कोण, कुठे, कधी. माझ्या खोक्यातल्या कितीतरी चेहऱ्यांची नावं आता सांगणारं कुणी उरलेलं नाही.

मार्क मिळतील, न मिळतील. मुदतीत काम पुरं करा, अर्धवट ठेवू नका.

सांगायला आनंद वाटतो, तिघांनी विषय ठरवलेत. एक वॉचमनकाकांची रात्र टिपतोय, एक गच्चीवर पापड वाळवणाऱ्या आज्यांचे फोटो काढतेय, आणि तिसरा प्रत्येक घराच्या उंबरठ्यावर त्या घरच्या सगळ्यांना उभं करणार आहे.

तेव्हा मंडळी, माझी एक विनंती. त्याने बेल वाजवली की दार उघडा. ‘थांब, साडी बदलून येते’, ‘दाढी करून येतो’ असं म्हणू नका. आहात तसे उभे राहा. स्वयंपाकघरात काम करत असणाऱ्यांनाही हाक मारा, कारण फोटोतून नेहमी तेच राहून जातात.

या फोटोंचा एक संच, मागे नावं लिहून, सोसायटीच्या कार्यालयात ठेवायला अध्यक्षसाहेबांनी होकार दिलाय. सुवर्णमहोत्सवाच्या वेळी जो कुणी खोकं उघडेल, त्याला कुणाचा नुसता हात सापडू नये, एवढीच इच्छा.