तान्ह्या पोळ्याचा बैल आणि हुसेन यांची 'ग्रामयात्रा'



नव्या चित्रकलेचा विषय घरांत निघाला, कीं बहुधा एकच प्रश्न पुढें येतो: असला माणूस कोणी कधीं पाहिला आहे काय? मीं स्वतः हा प्रश्न वर्गांत मोठ्या अधिकारवाणीनें विचारलेला आहे, आणि त्यापायीं एका विद्यार्थ्यावर अन्यायहि केलेला आहे.

चित्रकलेच्या तासाला त्यानें दळणारी बाई काढली होती. बाई बाजूनें दिसत होती. जातें मात्र वरून पाहावें तसें पूर्ण वाटोळें. मीं तांबड्या पेन्सिलीनें तें खोडून लंबगोल काढला व गुण कापले. मुलगा एवढेंच म्हणाला, "गुरुजी, जातें वाटोळेंच असतें ना?" मला उत्तर सुचेना, म्हणून मीं त्याला खालीं बसविलें.

हें आठवण्याचें कारण मकबूल फिदा हुसेन यांचें १९५४ सालचें 'ग्रामयात्रा' हें चित्र. हुसेन जन्मानें पंढरपूरचे. मुंबईस १९४७ सालीं स्थापन झालेल्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपमध्यें ते होते. त्याच मंडळींतले रझा आपल्या नागपूरच्या कलाशाळेंत शिकले, आणि गाडे तर अमरावती जिल्ह्यांतले. 'ग्रामयात्रा' सुमारें १४ फूट लांब व ३ फूट उंच आहे. तींत खेड्यांतील १३ प्रसंग शेजारीं शेजारीं मांडले आहेत: दळण चाललें आहे, गाय दोहली जात आहे, कोणी गाडींत बसलें आहे, कोणी लेंकरूं सांभाळीत आहे. एका उभ्या शेतकऱ्याचा हात तर आपली चौकट ओलांडून शेजारच्या जमिनीस आधार देतो. माझ्यासारख्या परीक्षकानें हा हात खचित नापास केला असता. पण तो खोडला तर शेतकरी आणि जमीन यांचें नातें कशानें दाखवावयाचें?

एकच वस्तु अनेक बाजूंनीं एकाच पटावर दाखविण्याची रीत पिकासो व ब्राक यांनीं पॅरिसमध्यें पुढें आणली. तिला घनवाद म्हणतात. हुसेन १९५३ सालीं युरोपांत जाऊन आले, म्हणून हें सारें उसनें आहे, असें कोणी म्हणेल. परंतु १९४८ सालीं दिल्लीच्या प्रदर्शनांत मथुरेच्या मूर्ति व बसोलीचीं चित्रें पाहून ते भारावले होते. आणि त्यापूर्वीं मुंबईंत सिनेमाचे फलक रंगवून व खेळण्यांचे नमुने करून त्यांनीं पोट भरलें होतें.

खेळण्यांवरून आठवलें. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीं आपल्या नागपुरांत मुलें लांकडी बैल घेऊन निघतात. त्या बैलाच्या पायांखालीं चाकें असतात. त्यावरून एकाहि बापानें दुकानदाराशीं वाद घातल्याचें मला स्मरत नाहीं! शिंगें हवींत, वशिंड हवें. उरलेला बैल मूल आपल्या मनानें पुरा करतें.

'ग्रामयात्रा' १९५४ सालींच परदेशीं गेली व कित्येक दशकें ऑस्लोच्या एका रुग्णालयाकडे राहिली. मार्च २०२५ मध्यें न्यूयॉर्कच्या लिलावांत तिला १ कोटि ३७ लक्ष डॉलरांवर किंमत आली, तेव्हां कोठें आपल्या घरांतून तिची चर्चा झाली. तीहि बहुतेक किंमतीचीच.

तिची छापील प्रतिकृति मीं घरीं आणली. आमच्या मंडळींनीं चष्मा लावून प्रथम दळण शोधून काढलें, आणि लहानपणीं आईसमोर बसून जात्याचा खुंटा कसा धरीत, तें त्या नातीला सांगूं लागल्या. चेहरे असे कां, हें दोघींपैकीं कोणीहि विचारलें नाहीं.