खात्री कोणी करावयाची?



गावच्या पारावर, शाळेच्या शिक्षकखोलीत, एसटीच्या थांब्यावर किंवा तहसील कचेरीच्या व्हरांड्यात आज चार माणसे एकत्र आली की थोड्याच वेळात बोलणे मोबाईलवर येते. एक जण म्हणतो, या परदेशी कंपन्यांनी समाजाचे वाटोळे केले. दुसरा म्हणतो, कंपनीला काय बोल लावता, सरकारनेच वेळीच लगाम घालावयास हवा होता. तिसरा दोघांनाही थांबवून म्हणतो, यंत्र बिचारे काय करील? माणसेच बिघडली आहेत. वाद रंगतो, चहा संपतो आणि प्रत्येक जण आपलेच म्हणणे खरे ठरले अशा समाधानात घरी जातो. या वादात एक सोय असते. ज्याच्यावर दोष ठेवावयाचा, तो त्या जागी कधीच हजर नसतो.

परंतु हा प्रश्न गप्पांपुरता राहत नाही. महाराष्ट्राने हे एकदा फार मोठी किंमत देऊन अनुभवले आहे.

राईनपाड्याचा बाजार

१ जुलै २०१८ हा रविवार होता. धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा या आदिवासी वस्तीच्या गावी त्या दिवशी आठवड्याचा बाजार भरला होता. नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या जमातीतील पाच माणसे तेथे आली. त्यांतील बहुतेक सोलापूर जिल्ह्याच्या मंगळवेढा तालुक्यातील होती. गावोगाव फिरून भिक्षा मागावी व त्यावर उदरनिर्वाह करावा, ही या जमातीची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. महाराष्ट्रातील एकाही खेड्याला हा भिक्षेकरी अपरिचित नाही.

त्या सुमारास मुले पळविणाऱ्या टोळ्या फिरत असल्याच्या अफवा मोबाईलवरून सर्वत्र पसरल्या होत्या. या परक्या माणसांविषयी संशय आला आणि जमाव जमला. त्यांना मारहाण करीत ग्रामपंचायतीच्या कार्यालयात नेण्यात आले आणि तेथील खोलीत, दारे-खिडक्या फोडून आत शिरलेल्या जमावाने, त्या पाचही जणांना ठार केले. त्यांनी कोणाचेही मूल पळविले नव्हते.

ज्या खोलीत गावाच्या विकासाचे ठराव होतात, जन्ममृत्यूचे दाखले दिले जातात, त्याच खोलीत हे घडले. या एका गोष्टीचा विचार पंचायतीशी संबंध असलेल्या प्रत्येकाने स्वस्थ चित्ताने केला पाहिजे. हे दूरच्या महानगरात किंवा परदेशातील एखाद्या कंपनीच्या इमारतीत घडलेले नाही. ते गावाच्या स्वतःच्या घरात घडले.

त्याच रात्री नाशिक जिल्ह्यातील मालेगावातही अशाच अफवेवरून मोठा जमाव जमला होता. दोन वर्षांच्या मुलासह पाच जण त्याच्या तावडीत सापडले होते. परंतु तेथे स्थानिक माणसाने त्यांना घरात आसरा दिला, पोलीस वेळेवर पोहोचले आणि ते पाचही जीव वाचले. अफवा तीच, मोबाईल तेच, दिवसही तोच. फरक पडला तो जागेवर असलेल्या माणसांमुळे.

अफवा जुनी, वाहन नवे

मोबाईल येण्यापूर्वी अफवा नव्हत्या असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. २१ सप्टेंबर १९९५ रोजी गणपतीची मूर्ती दूध पिते ही वार्ता काही तासांत देशभर आणि परदेशांतील भारतीयांपर्यंतही जाऊन पोहोचली. त्या वेळी व्हॉट्सॲप नव्हते. घरोघरी टेलिफोनही नव्हते. द्रवाचा पृष्ठताण हे त्यामागील कारण शास्त्रज्ञांनी लगेच समजावून सांगितले आणि लोकांनी दोन दिवसांत तो विषय सोडून दिला.

मग नवीन काय झाले? पूर्वी वार्ता सांगणारा माणूस समोर असे. तो कोण, त्याचा स्वभाव कसा, तो पूर्वी खोटे बोलला होता की नाही, हे ऐकणाऱ्यास ठाऊक असे. आता वार्ता भावाकडून, मित्राकडून, शाळेच्या गटातून येते. पण तिचा मूळ सांगणारा कोण, हे भावालाही माहीत नसते. विश्वास भावावरचा आणि मजकूर अनोळखी माणसाचा, अशी ही विचित्र जोड झाली आहे. त्यात चित्रफीत असली तर मग शंका घेण्याचे कारणच उरत नाही, असे लोकांना वाटते.

२०१८ मध्ये देशभर फिरलेल्या एका चित्रफितीचे उदाहरण येथे उद्बोधक आहे. मोटारसायकलवरून आलेले दोघे रस्त्यावर खेळणारे मूल उचलून नेतात, असे तीत दिसे. ती चित्रफीत मुळात पाकिस्तानातील कराची येथे, मुलांच्या सुरक्षिततेविषयी पालकांना जागृत करण्यासाठी मुद्दाम तयार केलेली होती. मूळ फितीच्या शेवटी ते दोघे मुलाला परत आणून सोडतात आणि संदेशाचा फलक दाखवितात. कोणीतरी तो शेवट कापून टाकला. मुलांच्या रक्षणासाठी बनविलेली फीत अशा रीतीने निरपराध माणसांविरुद्ध भीती पेरण्याचे साधन झाली. डोळ्यांनी पाहिलेले खोटे नव्हते. त्याला जोडलेले सांगणे खोटे होते.

कंपनी काय करू शकते

व्हॉट्सॲप २००९ साली सुरू झाले आणि २०१४ मध्ये फेसबुक कंपनीने ते १९ अब्ज डॉलर देऊ करून विकत घेण्याचे ठरविले. २०१६ पासून त्यावरील संदेश कुलूपबंद स्वरूपात जातात. पाठविणारा आणि घेणारा यांच्याखेरीज ते कोणालाही, कंपनीलासुद्धा, वाचता येत नाहीत. यामुळे कंपनीचे म्हणणे असे की, पोस्टमन बंद पाकिटातील मजकुराला जबाबदार कसा धरावा?

हे म्हणणे सर्वस्वी टाकाऊ नाही. पण ते पूर्णही नाही. राईनपाड्याच्या घटनेनंतर केंद्र सरकारने कंपनीकडे विचारणा केली. त्याच जुलै महिन्यात कंपनीने पुढे पाठविलेल्या संदेशावर तशी खूण दाखविण्यास सुरुवात केली आणि भारतात एक संदेश एका वेळी पाचपेक्षा अधिक ठिकाणी पाठविता येणार नाही असे बंधन घातले. जानेवारी २०१९ मध्ये हे बंधन जगभर लागू झाले. एप्रिल २०२० मध्ये, अनेक हातांतून फिरून आलेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पाठविता येईल असे ठरले. त्यानंतर असे संदेश सुमारे ७० टक्क्यांनी घटले, असे कंपनीनेच जाहीर केले.

यातून दोन निष्कर्ष निघतात. पाकीट न फोडतासुद्धा त्याचा वेग कमी करता येतो. तेव्हा आमच्या हाती काही नाही हे कंपनीचे सांगणे अर्धसत्य होते. आणि दुसरे म्हणजे, हा लगाम राईनपाड्यापूर्वीही घालता आला असता. ज्या व्यवसायाची भरभराट माणसे किती वेळ आणि किती वेळा ते साधन हाती घेतात यावर अवलंबून असते, तो व्यवसाय आपणहून वेग कमी करील, अशी अपेक्षा बाळगणे व्यवहाराला धरून नाही. त्याला विचारणारा कोणीतरी असावा लागतो.

शासनाने कोठवर जावे

विचारणारा म्हणजे अर्थातच शासन. परंतु शासनाच्या हाती दिलेल्या अधिकारालाही मर्यादा असावी लागते, याचा धडाही महाराष्ट्राच्याच भूमीवर मिळाला आहे. नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघर येथील दोन तरुणींना फेसबुकवरील एका मतप्रदर्शनाबद्दल अटक झाली. एकीने मत लिहिले होते आणि दुसरीने ते पसंत केले होते, एवढाच त्यांचा अपराध. त्या घटनेनंतर माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या कलम ६६-अ विरुद्ध सर्वोच्च न्यायालयात दाद मागण्यात आली आणि २४ मार्च २०१५ रोजी न्यायालयाने ते कलम घटनाबाह्य ठरवून रद्द केले.

२०२१ मध्ये केंद्र सरकारने नवे नियम केले. गंभीर गुन्ह्यांच्या बाबतीत एखादा संदेश प्रथम कोणी पाठविला हे मोठ्या कंपन्यांनी शोधून द्यावे, अशी तरतूद त्यांत होती. त्याविरुद्ध व्हॉट्सॲप दिल्ली उच्च न्यायालयात गेले. एकाचा माग काढावयाचा तर सर्वांचीच कुलुपे सैल करावी लागतील, हा कंपनीचा युक्तिवाद. खुनाला कारण झालेल्या अफवेचा उगम शोधू नये काय, हा शासनाचा प्रश्न. दोन्ही बाजूंत तथ्य आहे, म्हणूनच हा वाद पारावरील चर्चेत एका वाक्यात निकालात काढण्याजोगा नाही. खाजगी जीवन जपण्याचा अधिकार हा मूलभूत अधिकार आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये दिला. जीविताचा अधिकारही तितकाच मूलभूत आहे, आणि राईनपाड्यात तो पाच जणांनी गमावला.

जमावाच्या हिंसेबाबत मात्र शासनाचे कर्तव्य निःसंदिग्ध आहे. १७ जुलै २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक जिल्ह्यात यासाठी जबाबदार पोलीस अधिकारी नेमावा, असा आदेश दिला. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेत, जात, समाज, जन्मस्थान, भाषा आदी कारणांवरून पाच किंवा अधिक व्यक्तींनी मिळून केलेल्या खुनासाठी स्वतंत्र तरतूद आहे. परंतु कायदा प्रायः घटनेनंतर पोहोचतो. घटनेपूर्वीची दहा मिनिटे कोणाच्या हाती असतात, हा खरा प्रश्न होय.

ती दहा मिनिटे

तेलंगणातील जोगुलांबा गदवाल जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षक रेमा राजेश्वरी यांनी २०१८ मध्ये या प्रश्नाचे उत्तर कृतीने दिले. मुले पळविणाऱ्यांच्या अफवांनी गावे धास्तावली आहेत, लोक सायंकाळीच दारे लावून घेत आहेत, असे गावाशी जोडलेल्या पोलिसांकडून कळताच त्यांनी ते गावोगाव पाठविले. पोलीस गावकऱ्यांशी बोलले, गावच्या मोबाईल गटांत सामील झाले, आलेले संदेश खरे की खोटे ते सांगू लागले. दवंडी आणि लोकगीतांतूनही हाच प्रचार झाला. त्यासाठी कोणतेही नवे यंत्र लागले नाही. गावकऱ्याच्या मनात शंका आली तर ती कोणाला विचारावी, याचे उत्तर त्याला आधीच मिळाले होते, इतकेच.

महाराष्ट्राच्या खेड्यात ही व्यवस्था उभारणे अवघड नाही, कारण तिचे घटक जागेवरच आहेत. महाराष्ट्र ग्रामपोलीस अधिनियम, १९६७ अन्वये नेमलेला पोलीस पाटील गावात असतो. सरपंच, ग्रामसेवक, तलाठी, मुख्याध्यापक, अंगणवाडी सेविका आणि आशा कार्यकर्ती यांना गाव ओळखते. परका माणूस आला आणि शंका आली तर त्याला कोठे बसवावयाचे, कोणाला बोलवावयाचे, पोलीस ठाण्यात कोणी कळवावयाचे आणि पोलीस येईपर्यंत दाराशी कोणी उभे राहावयाचे, हे ग्रामसभेत आधी ठरवून ठेवता येते. पूर, आग किंवा साथीचा रोग यांविषयी गाव जसे आधी ठरवते, तसेच हेही. जमाव जमल्यानंतर ठराव करता येत नाहीत.

शिक्षकांचे कार्य याहून खोल आहे. मोबाईलवर आलेला एखादा संदेश वर्गात फळ्यावर लिहावा आणि मुलांना चार साधे प्रश्न विचारावेत: हे कोणी पाहिले? कोणत्या गावी, कोणत्या तारखेला घडले? वर्तमानपत्रात आले काय? हे पुढे पाठविण्याची मला घाई का झाली आहे? विज्ञानाच्या तासाला निरीक्षण आणि अनुमान यांतील भेद शिकविला जातो. तोच भेद येथे उपयोगी पडतो. घरातील वडीलधाऱ्यांपेक्षा मोबाईल मुलांना अधिक चांगला हाताळता येतो; तेव्हा शाळेत शिकलेला प्रश्न सायंकाळी घरी पोहोचल्यावाचून राहणार नाही.

आणखी एका गोष्टीकडे लक्ष वेधणे आवश्यक आहे. अफवेचा बळी कोण ठरतो, हे पाहिले तर तो बहुधा ज्याच्यामागे कोणी नाही असाच असतो. भटका, भिक्षेकरी, मनोरुग्ण, परप्रांतीय मजूर, आपली भाषा नीट न बोलणारा. भटक्या जमातींना पालाबाहेर ओळख नाही, गावच्या यादीत नाव नाही, म्हणून त्यांच्यावर संशय घेणे सोपे जाते. त्यांना रहिवासाचे व ओळखीचे दाखले वेळेवर मिळवून देणे, त्यांच्या मुलांना शाळेत आणणे, हे कल्याणकारी काम तर आहेच. ते अफवेविरुद्धचे संरक्षणही आहे. ज्याला गाव नावाने ओळखते, त्याच्यावर गाव सहसा हात उचलीत नाही.

तेव्हा दोष कंपनीचा, सरकारचा की लोकांचा, या वादाचे उत्तर एका नावात मिळणार नाही. ज्याच्या हाती जितका वेग, त्याच्यावर तितकी जबाबदारी. कंपनीने वेग कमी करावा, शासनाने तिला जाब विचारावा आणि स्वतःचा अधिकारही मर्यादेत वापरावा. पण या साखळीची शेवटची कडी गावात आहे. तेथे हात उगारण्यापूर्वी कोणीतरी, थांबा, आधी विचारू या, असे म्हणावयास हवे. मालेगावात त्या रात्री असे म्हणणारा माणूस निघाला आणि एक लहान मूल आपल्या माणसांसह सुखरूप राहिले. प्रत्येक ग्रामपंचायतीच्या खोलीत असा एक तरी माणूस असावा, आणि तो कोण हे गावाला आजच ठाऊक असावे.