सोन्याच्या खाणींतील जुनीं यंत्रें

सोनारांच्या कारखान्यांतील केर गोळा करून धुणारे झारेकरी झवेरी बाजारांत पुष्कळांनीं पाहिले असतील. केर पाण्यांत हलविला कीं माती वाहून जाते आणि सोन्याचा कण तळाशीं राहतो. कारण सोनें पाण्याच्या १९ पटींहूनही अधिक जड असतें.

खाणींतील जुन्या यंत्रांचें तत्त्व याहून निराळें नाहीं. कोलारच्या खाणी १८८० नंतर जॉन टेलर यांच्या कंपनीनें भरभराटीस आणल्या. १९०२ सालीं तेथें शिवसमुद्रम् येथून वीज आली, आणि २००१ सालीं त्या बंद पडल्या. गारेचा दगड कुटावयाचें यंत्र म्हणजे आपलें उखळ-मुसळच. पोलादी टांच बसविलेलीं पांच जड मुसळें एका ओळींत उभीं असतात. फिरत्या दांड्यावरील उंचवटे त्यांना आळीपाळीनें उचलतात आणि सोडून देतात. पीठ झालेला दगड पाण्याबरोबर पारा लावलेल्या तांब्याच्या पत्र्यावरून वाहतो, आणि पारा सोन्यास धरून ठेवतो.

असें यंत्र गंजून पडलें असतां तें पुन्हां कसें चालवावें? प्रथम हातोडा उचलूं नये, वही उचलावी. प्रत्येक भागाचें चित्र काढून त्यावर क्रमांक घालावा. गंजलेल्या बोल्टास कांहीं दिवस तेल पाजावें. जोर केल्यास तो तुटतो. झिजलेल्या बेअरिंगमध्यें पांढरा धातु नव्यानें ओतावा. फुटलेला भाग ओताऱ्याकडून करून घ्यावा, परंतु त्यावर नवें साल घालावें, म्हणजे पुढील पिढी फसणार नाहीं. आणि मूळ तुकडा जपून ठेवावा. शेवटीं तें हातानें फिरवून पाहावें, मगच शक्ति जोडावी. पारा मात्र पुन्हां वापरूं नये. त्याची वाफ मज्जासंस्थेचा नाश करते. म्हणूनच २०१३ सालीं त्याविरुद्ध मिनामाता करार झाला.

कोलार आपणांस दूर वाटेल. परळ व लालबाग दूर नाहींत. १९८२ च्या संपानंतर एकामागून एक गिरण्या बंद झाल्या आणि कित्येक यंत्रें भंगारांत गेलीं. काळाचौकीच्या इंडिया युनायटेड मिलच्या आवारांत वस्त्रसंग्रहालय करण्याची योजना महानगरपालिकेनें हातीं घेतली, ही गोष्ट स्तुत्य आहे. परंतु यंत्र ठेवलें म्हणजे विद्या राहिली, असें नव्हे. नुसत्या आवाजावरून कोणता दांता झिजला हें सांगणारा फिटर कोणत्याही कपाटांत ठेवतां येत नाहीं. लोखंड शंभर वर्षें वाट पाहूं शकतें; माणूस पाहूं शकत नाहीं.

म्हणून माझी विनंति एवढीच : आपल्या चाळींत असा एखादा वृद्ध फिटर वा जॉबर असेल, तर एका रविवारीं वही घेऊन त्यांच्याजवळ बसा आणि त्यांना यंत्राविषयीं विचारा. झारेकरी केरांतून सोनें वेंचतो. आपणांस तर तें समोर बसलेलें सांपडेल.